सोळा घरांचा रिपीट

पद्मावहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाल्याबरोबर कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतो. सकाळचे साडेआठ झाले असतील. वहिनी मला कधी फोन करत नाहीत. करायचा तो अंबादास, आणि तोही दोनदा वाजवून ठेवून द्यायचा, म्हणजे मी उलटा करावा. त्यामुळे मी फोन उचलल्या उचलल्या म्हणालो, "काय वहिनी, अंब्याचा फोन बिघडला की काय?" त्या म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा पिऊन खुर्चीत बसलेले. कप हातातच होता." पुढे मी काय बोललो ते आठवत नाही. कोथिंबीर घेतली होती एवढं नक्की, पण घरी पोचलो तेव्हा ती हातात नव्हती.

सोलापुरात पोचेपर्यंत दुपार टळली होती आणि सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, आणि थांबावं असं माझं नातंही नव्हतं. भावाला सुतक असतं, चुलत्याला असतं, लांबच्या भाऊबंदालाही असतं. मित्राला नसतं. पूर्व भागातल्या त्या ओळखीच्या बोळात, ओळखीच्या ओट्यावर अनोळखी माणसं बसली होती, तेलुगूत हळू आवाजात बोलत होती. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुमी कोन?" मी म्हणालो, "पूर्वी इथं वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो." त्यानं मान हलवली आणि सरकून जागा दिली. उत्तर खरंच होतं, पण अंबादासच्या दारात बसून मला याहून बरं काही सांगता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो. त्याला आता दीड महिना झाला, आणि मधे मी पुन्हा एकदा जाऊन आलो. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी अंबादास कोण होता ते सांगायला हवं, कारण तो कुणीच नव्हता. पेपरात त्याचं नाव कधी आलं नाही. आता आलं तर ते मीच लिहिलं म्हणून.

मी मूळचा मैंदर्गीचा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि वडिलांचं किराणा दुकान. बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं की ते घेऊन दुकानात काय विकणार. सोलापुरात कॉलेजला आलो आणि अंबादासच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या घरात वरची खोली मिळाली. खाली त्यांचे चार यंत्रमाग, मागे राहतं घर आणि वर दोन खोल्या. एक माझी, एक अंबादासची. तो माझ्याच वयाचा, पण कॉलेजात नव्हता. चादरीचं डिझाईन काढायचं काम शिकत होता. ज्यांनी सोलापुरी चादर नुसती पांघरली आहे त्यांच्यासाठी सांगतो, चादरीवरचा मोर आधी चौकटींच्या कागदावर काढावा लागतो. एकेक घर पेन्सिलीनं भरायचं. भरलेलं घर म्हणजे दोरा वर, रिकामं घर म्हणजे दोरा खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्यांची माळ मागावर चढते, आणि मग मोर उतरतो. नक्षीचा जेवढा तुकडा पुन्हा पुन्हा येतो त्याला या धंद्यात रिपीट म्हणतात. अंबादास दिवसभर मान खाली घालून घरं भरायचा, आणि एखादं चुकलं तर ब्लेडनं इतक्या हलक्या हातानं खरवडायचा की कागदाला कळू नये.

पहिल्या आठवड्यात आमचं बोलणं "पाणी आलंय" आणि "दिवा घालव की" एवढंच होतं. मग एके दिवशी त्याच्या खोलीतून एक आवाज आला. ढोल म्हणावा तर ढोल नाही, गाणं म्हणावं तर कुणी गात नाही. एक माणूस भराभर बोलतोय, रागावलाय की हसतोय ते कळत नाही, आणि मागे तोच तो ठोका फिरून फिरून येतोय. मी दारात जाऊन उभा राहिलो. अंबादास भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "तुला इंग्लिश येतंय म्हनं?" मी म्हणालो, "येतं की थोडं." "मग बस. हा काय म्हनालाय ते सांग." मी बसलो. दहा मिनिटांनी कबूल केलं की मला यातलं ओ की ठो कळत नाही. तो मोठ्यानं हसला. "मग कशाला फी भरालास बे?" आमची मैत्री तिथून सुरू झाली.

कॅसेट त्याच्या मामेभावाची होती. रवी नाव. हैदराबादहून शिकून अमेरिकेत गेलेला, न्यूयॉर्कजवळ कुठेतरी नोकरीला. दर वर्षी थंडीत यायचा तेव्हा इथून चार चादरी घेऊन जायचा, आणि त्याबदल्यात अंबादासनं काय मागितलं असेल? बूट नाही, घड्याळ नाही. "तितली पोरं जे ऐकतेत ते आन." रवीनं आणलं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि तिकडे त्या संगीताला, म्हणजे रॅपला, बहर आला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतात, त्या अल्बमांच्या याद्या निघतात, लोक वाद घालतात. आम्हाला सोलापुरात बसून फक्त एवढं ठाऊक होतं की कुठल्यातरी गरीब वस्तीतली काळी पोरं जुन्या तबकड्यांमधला एखादा तुकडा उचलतात, दोन सेकंदांचा ढोल, ट्रम्पेटची एक हाक, आणि तोच फिरवत ठेवून त्यावर आपली गोष्ट सांगतात. अल्बमांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. आम्ही ती कधी वापरलीच नाहीत. अंबादास डिझाईनवाला, तो कव्हर बघून नावं ठेवायचा. 'तीन टोप्या', 'जिना', 'निळं धुकं', 'आजीबाईचा सोफा'. पण नाव ठेवायचं ते दोन्ही बाजू ऐकून झाल्यावरच. "पोराचं तोंड न बघता बारसं कुटं करतेत का बे," असं म्हणायचा.

त्याचे नियम कडक होते. मागाला सुट्टी असेल त्या दिवशी, दुपारी चारला. खालचा खडखडाट बंद असल्याशिवाय नाही. पहिली बाजू अथपासून इतिपर्यंत, मधे बोलायचं नाही. बाजू संपली की टेपचं बटण आपोआप खट् करून वर यायचं. मग खाली जाऊन चहा. चहा झाला की वर येऊन दुसरी बाजू. आणि सगळ्यात मोठा नियम, नवी कॅसेट एकट्यानं ऐकायची नाही. एकदा रवीनं दोन कॅसेट दिल्या आणि मी अभ्यासाच्या सुट्टीत गावी गेलेलो. तीन आठवड्यांनी परत आलो तर दोन्ही त्या चकचकीत वेष्टनातच. मी विचारलं, "ऐकला नाहीस?" तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करतोस का म्हणून विचारलं.

लोक विचारतात, मागाच्या आवाजात वाढल्यामुळे तुझ्या मित्राला हे आवडलं असेल ना? मलाही तसं वाटायचं. एकदा बोलून दाखवलं तर त्याला राग आला. "मागाला काय अक्कल हाय का? माग थांबत न्हाई. हे थांबतेत. ऐक की, हितं थांबला, बघ." आणि चौकटींचा कागद पुढे ओढून त्यानं ते मला काढून दाखवलं. सोळा घरांची एक ओळ. जिथे खालचा जाड ठोका तिथे लाल घर, जिथे वरचा कडक ठोका तिथे काळं, आणि जिथे काहीच नाही तिथे रिकामं. सोळा घरं संपली की पुन्हा तेच. "हा रिपीट. आता रिकामी घरं मोज. डिझाईन रिकाम्या घरात असतंय, शिवा." मग प्रत्येक गाण्याचा एक कागद होऊ लागला. मी वहीत शब्द उतरवायचो, डिक्शनरी उलटीपालटी करायचो, आणि तो घरं भरायचा. दोघांची घरची भाषा मराठी नव्हती, माझी कानडी, त्याची तेलुगू. बोलायचो मराठीत आणि ऐकायचो तिसऱ्याच मुलखाचं इंग्रजी. शब्द अर्धेच कळायचे. पण एक मुलगा आपल्या गल्लीचं नाव घेतो, आपल्या इमारतीचा जिना सांगतो, आईचं नाव घेतो, गेलेल्या मित्रांची नावं घेतो, एवढं कळायचं. एकदा असं एक गाणं संपल्यावर, बटण खट् झाल्यावरही अंबादास चहाला उठला नाही. मग म्हणाला, "आपल्या बोळाचं नाव कोन कवा घेईल का रे?" मी म्हणालो, "तू घे की." "मी काय बोलनार... मला घरं भरता येतेत."

आणि त्यानं घरं भरलीच. एका व्यापाऱ्याला नव्या काठाच्या चादरी हव्या होत्या. अंबादासनं 'जिना'मधल्या एका ठोक्याचा रिपीट जसाच्या तसा काठावर उतरवला. लाल, रिकामं, रिकामं, लाल, काळं... कुणाला सांगितलं नाही, फक्त मला. चाळीसेक चादरी विणून झाल्या तेव्हा नानांनी एक उलगडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही बार्डर लंगडाय." खरंच लंगडी दिसत होती. आपल्या चादरीचा काठ दोन्हीकडून सारखा असतो, हा एका अंगावर कललेला. कानाला जे झोकदार ते डोळ्याला चुकलेलं. व्यापाऱ्यानं सगळा माल खराब म्हणून परत पाठवला. नाना तेलुगूत जे बोलले ते मला कळलं नाही, पण अंबादासचे कान लाल झालेले पाहिले. त्या चादरी मग घरात, पाहुण्यांत, शेजारपाजारी वाटल्या गेल्या. एक माझ्याकडे आहे. गेली तीस वर्षं मी ती पांघरतो. माझी बायको म्हणते, फेक आता ती, एका बाजूनं ओढल्यासारखी दिसते. मी तिला एकदा ठोका वाजवूनही दाखवला. ती म्हणाली, बरं. तिचं चुकलं नाही काही. हे सांगून कळायचं नाहीच, त्या खोलीत असावं लागतं.

शेवटची कॅसेट माझ्या शेवटच्या वर्षाला आली. कव्हर करड्या रंगाचं, त्यावर पाठमोरी उभी काही पोरं. आम्ही पहिली बाजू ऐकली. अंबादासला ती इतकी आवडली की नियम मोडून तो मधेच एकदा "आयला" म्हणाला. बटण खट् झालं, आम्ही खाली चहाला उतरलो. कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात समोरच्या दुकानातला माणूस मला हाका मारत आला. मैंदर्गीहून फोन होता. वडील दुकानातच कोसळले होते, अंगाची एक बाजू गेली होती. मी चहा तसाच ठेवून उठलो. अंबादास बसस्टँडपर्यंत सायकलवर डबलसीट सोडायला आला. बस हलली तेव्हा खिडकीशी धावत धावत म्हणाला, "जा, काळजी करू नको. दुसरी बाजू तू आल्यावर."

मी आलो नाही. म्हणजे सामान न्यायला आलो, एका तासासाठी. वडील अंथरुणाला खिळले, दुकान मी बघू लागलो, मग वडील गेले, दुकान भावानं घेतलं, मला पुण्यात विमा कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं. त्याचंही झालं. पद्मावहिनी आल्या, भाग्यश्री झाली. एका माणसाच्या आयुष्यात जे होतं ते दोघांच्याही झालं, फक्त वेगवेगळ्या गावांत. सोलापूरला जाणं व्हायचं, पण कशाच्या ना कशाच्या मधे. कुणाचं लग्न, कुणाचा तेरावा, कोर्टातली तारीख. अंबादास दर वेळी विचारायचा, "येळ हाय का?" मी घड्याळ बघायचो. तो लगेच म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. घाईत न्हाई ऐकायचं ते. निवांत ये की एकदा." इकडे त्याचंही काम सुटत चाललं होतं. डिझाईन संगणकावर होऊ लागलं, घरं भरणारा माणूस कुणाला नको झाला. नाना गेले, माग भंगारात गेले. खालची जागा एकानं गोदामाला घेतली. अंबादास एका शाळेत कारकुनाच्या हाताखाली लागला. फोनवर तक्रार कधी केली नाही. एकदाच म्हणाला होता, "आता रोजच सुट्टी हाय बे खाली. रोज ऐकता येतंय. पन कुनासंगं ऐकू?" मी हसण्यावारी नेलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो, आणि इथपर्यंत येईतो टाळत आलो. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसच्या बसमध्ये मी फोनवर गाणी ऐकत होतो. हल्ली एक गाणं संपलं की फोन आपणहून दुसरं लावतो. पहिल्या दोन सेकंदांत मला आवाज ओळखू आला. त्याच पोरांचा, त्या करड्या कव्हरच्या कॅसेटवरचा. पण गाणं मी ऐकलेलं नव्हतं. एकदाच ऐकलेल्या पहिल्या बाजूचं एकेक गाणं माझ्या लक्षात होतं, त्यात हे नव्हतं, तेव्हा हे दुसऱ्या बाजूचंच. बोट बटणावर होतं. थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. इतकंच नाही, ते संपल्यावर मी अल्बम शोधून काढला आणि हडपसर येईपर्यंत आख्खी दुसरी बाजू ऐकली. सुरेख होती. पहिल्या बाजूहून सुरेख. आणि संपल्यावर कानातले बोळे काढून मी आजूबाजूला बघितलं, तर सगळे आपापल्या फोनमध्ये. एवढं मोठं काही ऐकलं आणि सांगायला कुणी नाही... ज्याला सांगायचं त्याला सांगता येणार नाही, हे लक्षात यायला पुलावरून बस उतरावी लागली.

तेव्हापासून मी सोलापूरला निवांत जायचं टाळू लागलो. हे स्पष्टच लिहितो. वेळ नव्हता असं नाही. दोनदा तर चांगली चार दिवसांची रजा होती. पण त्याच्या शेजारी बसून ती बाजू पहिल्यांदा ऐकत असल्याचं सोंग मला वठलं नसतं. त्याच्यापासून चेहरा लपवणं अवघड होतं, तो चौकटीतलं अर्धं भरलेलं घर ओळखणारा माणूस. सांगून टाकावं तर इतकी वर्षं ती बाजू न ऐकता थांबलेल्याला काय तोंडानं सांगणार. फोनवर तो विचारायचा, "ती बाजू ऐकला न्हाईस न्हवं?" आणि मी म्हणायचो, "नाही बे. तुझ्याशिवाय कसा ऐकेन." हे दुसरं वाक्य मी उगाच जोडायचो. त्याची गरज नव्हती.

भाग्यश्रीच्या लग्नाला मात्र गेलो. चार वर्षं झाली त्याला. पंगतीत बसलो होतो, पुढचं वाढप यायला उशीर होता, आणि माझी एक जुनी खोड आहे, हात रिकामे असले की टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत बसतो. अंबादास आग्रह करत पानांवरून फिरत होता, नवं धोतर, कपाळाला घामात उतरलेलं कुंकू. माझ्यापाशी येऊन थांबला. मी वर बघितलं तर तो माझ्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघत होता. "काय वाजवालास बे?" मी म्हणालो, "काही नाही की, असंच." तो आणखी थोडा थांबला, मग माझ्या पानात दोन जिलब्या जास्तीच्या टाकल्या आणि म्हणाला, "बरं, जेव निवांत." पुढच्या पानाकडे गेला. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर फोन झाले पुष्कळ. ती बाजू ऐकलीस का, हेही दोन-तीनदा विचारलं त्यानं. मीही तेच उत्तर दिलं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, वरची खोली रिकामी करायची आहे, तुमच्या काही वस्तू आहेत त्या बघून घ्या. मला माझ्या वस्तू असल्याचं ठाऊक नव्हतं. दुपारची गाडी पोचली तेव्हा बोळात शुकशुकाट होता. गोदामाचं शटर बंद. वहिनींनी पाणी दिलं, शेंगाची चटणी आणि भाकरी वाढली, आणि मी जेवत असताना समोर बसून राहिल्या. मी म्हणालो, "मी यायला पाहिजे होतं वहिनी. खूप आधी." त्या म्हणाल्या, "ते पन तेच म्हनायचे." त्यात बोच नव्हती, नुसतं सांगितलं. मग किल्ली माझ्या हातात दिली. "टेप चालू हाय बघा. दर महिन्याला उघडून पुसायचे, पट्टा बदलायचे. आता कोन ऐकालंय म्हनलं मी, तर म्हनायचे, शिवा यायचाय."

खोली होती तशी होती. भिंतीला टेकून बसायची दोन पोती, टेप, आणि पत्र्याच्या पेटीत कॅसेट ओळीनं. प्रत्येकीच्या पाठीवर त्याच्या कोरीव अक्षरात नाव. तीन टोप्या. जिना. निळं धुकं. आजीबाईचा सोफा. शेवटची करड्या कव्हरची, तिच्या पाठीवर काही नाही. उघडून उजेडाकडे धरली. सगळी फीत एकाच चाकावर गुंडाळलेली होती, पहिली बाजू संपल्यावर असते तशी. दुसरं चाक रिकामं. म्हणजे त्या दुपारी आम्ही चहाला उतरलो तेव्हा होती तशीच. इतकी वर्षं ती त्याच्या उशाशी होती, टेप चालू होता, माग बंद होते, आणि त्यानं ती उलटी करून लावली नाही.

पेटीच्या तळाशी चौकटींचे कागद होते, कॅसेटप्रमाणे दोऱ्यानं बांधलेले. शेवटच्या गठ्ठ्यात पहिल्या बाजूची सगळी गाणी भरलेली. मग दुसऱ्या बाजूचे कागद, वर कव्हरवरून उतरवलेली गाण्यांची नावं आणि खाली नुसती रिकामी घरं. फक्त पहिल्या कागदावर, सगळ्यात वरच्या ओळीत, सोळा घरं भरलेली. मला क्षणभर हायसं वाटलं, लाज वाटावी इतकं हायसं, की ऐकलं म्हणायचं यानंही, निदान एक गाणं तरी. मग ओळीखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं वाचलं. 'शिवाच्या बोटांवरून. भाग्याच्या लग्नात, पंगतीत.' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्याला पहिली बाजू पाठ होती. बाकीच्या सगळ्या कॅसेट पाठ होत्या. माझ्या बोटांत त्याला अनोळखी ठोका दिसला तेव्हा तो कुठून आला असेल हे त्यानं पान वाढता वाढता ओळखलं होतं. पोरीच्या लग्नाच्या धावपळीत त्यानं तो डोक्यात धरून ठेवला आणि घरी येऊन घरं भरली. म्हणजे त्याला माहीत होतं. नंतर फोनवर मला विचारत होता ते माहीत असून विचारत होता. मी सांगेन म्हणून विचारत असेल. मी दर वेळी नाही म्हणत होतो आणि तो दर वेळी "बरं, निवांत ये" म्हणत होता.

खाली जाऊन वहिनींना म्हणालो, "वहिनी, वर येऊन बसा की थोडा वेळ. ती कॅसेट लावतो." त्या म्हणाल्या, "नको भावजी. ते तुमचं दोघांचं. मी हितंच हाय." चार वाजायला आले होते. मी वर आलो, माझ्या पोत्यावर बसलो, कॅसेट उलटी करून लावली. पहिला ठोका आला आणि मी कागदावर बोट ठेवून घरं मोजू लागलो. सोळापैकी पंधरा बरोबर होती. एक घर चुकलं होतं, अकरावं. ते रिकामं हवं होतं, तिथे लाल होतं. अंबादासची नजर चुकायची नाही, तेव्हा माझंच बोट चुकलं असणार. मी ब्लेड शोधलं, पण खरवडायचं धाडस झालं नाही. पेन्सिल घेऊन पुढची घरं भरायला गेलो तर गाणं पुढे निघून गेलं. मग नुसता ऐकत राहिलो. बोलायचं नसतं, पण मधेच एकदा मोठ्यानं म्हणालो, "ऐकलो होतो बे मी. बसमधी." खोलीत त्या पोराचं बोलणं चालू राहिलं. बाजू संपली. बटण खट् करून वर आलं, आणि मी सवयीनं शेजारच्या पोत्याकडे बघितलं, तो आता काय नाव ठेवतो म्हणून.

पेटी मी पुण्याला आणली आहे. ती कपाटाच्या खालच्या फळीवर आहे, वर ती लंगड्या काठाची चादर. बायकोनं परवा पुसताना विचारलं, बाकी सगळ्यांवर नावं आहेत, या एकीवरच का नाही, लिहून टाक की काहीतरी. मी पेन घेऊन बसलोही. पाठमोरी पोरं, करडा रंग, दोन-चार नावं सुचली. पण आमच्यात बारसं दोघांनी दोन्ही बाजू ऐकल्यावर व्हायचं, आणि त्यानं एकच ऐकली आहे.